पळी-पंचपात्र

लंडनमधील एका कॉफीगृहाची खोली. कोपऱ्यातील घड्याळात पहाटेचे चार वाजले आहेत. मेजाभोवती अकरा पुरुष आहेत. ते बसले आहेत असे मात्र म्हणवत नाही. काही उभे आहेत, काही कललेले आहेत, आणि एक जण खुर्चीसकट कोसळून जमिनीवर आडवा झाला आहे. त्याच्या डोक्यावर दुसरा कोणी बाटली उपडी करतो आहे. हा उपचार आहे की चेष्टा, हे ओतणाऱ्यालाही सांगता आले नसते. खिशातून वर्तमानपत्रे डोकावत असलेले एक राजकारणी गृहस्थ लांब नळीची चिलीम पेटवू पाहतात आणि मेणबत्तीची ज्योत त्यांच्या बाहीच्या झालरीला लागते. एकाला ओकारी आली आहे, एक मान मागे टाकून झोपला आहे. रिकाम्या बाटल्यांची रांग लागली आहे, लिंबाच्या साली जमिनीवर पडल्या आहेत आणि मूत्रपात्र भरून वाहू लागले आहे. या साऱ्या पडझडीत एक धर्मोपदेशक तेवढा आपले आसन सोडत नाही. चिनी मातीच्या मोठ्या भांड्यापुढे तो स्थिर बसला आहे आणि त्याच्या हातात पळी आहे.

विल्यम होगार्थचे हे मुद्राचित्र १७३३ साली प्रसिद्ध झाले. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, शाई भरायची आणि कागदावर दाबून उमटवायचे अशी ही कला. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत आणि दुकानाच्या तावदानात टांगलेली प्रत फुकट पाहणाऱ्यांची तर गणतीच नसे. चित्राचे नाव 'अ मिडनाइट मॉडर्न कॉन्व्हर्सेशन', म्हणजे मध्यरात्रीचे आधुनिक संभाषण. चार वाजले असताना मध्यरात्र कसली, आणि एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडण्याची शक्यता नसताना संभाषण तरी कसले? पण या नावात केवळ विनोद नाही. त्यात व्यवसायातील एक सूक्ष्म बोचरेपणही आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये 'कॉन्व्हर्सेशन' या नावाचा एक चित्रप्रकार प्रतिष्ठित झाला होता. सुखवस्तू कुटुंब आपल्या दिवाणखान्यात चहाच्या मेजाभोवती किंवा बागेत एकत्र जमले आहे, सर्वांची वस्त्रे नीटनेटकी, सर्वांचे हात योग्य जागी, आणि सर्वांच्या मुद्रेवर आपापल्या मिळकतीचे समाधान, असे ते चित्र असे. होगार्थने स्वतः अशी चित्रे मोबदला घेऊन रंगवली होती. तीच मांडणी, तोच मध्यभागीचा मेज आणि तेच शिष्टसंमत नाव घेऊन त्याने त्या चौकटीत ही अकरा माणसे बसवली. दिवाणखान्यातील सभ्यता दिवे मालवल्यानंतर कशी दिसते हे दाखवायला वेगळी चौकट शोधण्याचे त्याला कारण पडले नाही.

मराठी वाचकाच्या मनात मात्र हे चित्र पाहताना एक वेगळाच शब्द उभा राहतो. पळी आणि पंचपात्र ही आपल्याकडची देवघरातील जोडी. संध्येला बसलेल्या माणसापुढची. होगार्थच्या मेजावरही पळी आहे, भांडे आहे, आणि ते घेऊन बसलेला पुरोहितही आहे. त्या भांड्यातील पेयाचे नाव 'पंच'. हा केवळ उच्चाराचा योगायोग मानला तरी चालेल. पण इंग्रजांचाच एक जुना साक्षीदार तसे मानू देत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला, पश्चिम किनाऱ्यावर राहिला, फिरला, आणि १६९८ मध्ये त्याने आपला प्रवासवृत्तान्त छापला. गोव्याकडील नेरुळ येथे उत्तम अरक निघतो आणि त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज पंच नावाचे शक्तिपात करणारे पेय बनवतात, अशी नोंद त्यात आहे. आणि हे नाव हिंदुस्थानी भाषेतील पाच या संख्येवरून, पाच घटकांमुळे पडले, असेही तो सांगतो. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला ही ती पाच द्रव्ये सामान्यपणे मानली जातात. कंपनीच्या पत्रव्यवहारात हा शब्द त्याही आधी, १६३२ मध्ये, आढळतो. इंग्रज कोशकार या व्युत्पत्तीविषयी सर्वस्वी निःशंक नाहीत हे खरे. पण पेय पूर्वेकडून गेले यावर फारसा वाद नाही. कोकण-गोव्याच्या माडाची सुरा ज्या जहाजांवर चढली त्याच जहाजांनी ते नावही तिकडे नेले असावे, ही कल्पना निदान रुचकर आहे.

त्या जहाजांची कथा इथे संपत नाही, आणि उपहासाच्या दृष्टीने तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. होगार्थचे चित्र कल्पनेपलीकडे लोकप्रिय झाले. चोरट्या नकला निघाल्या, लहानमोठ्या आकारांत निघाल्या, आणि मग ते कागद सोडून इतरत्र पसरले. तंबाखूच्या डब्यांवर ते आले. इंग्लंडमधील कुंभारांनी मिठाची झिलई दिलेल्या तपकिरी चंबूंवर ते उठावात काढले. वरच्या भागात होगार्थची बैठक आणि खाली शिकारी कुत्र्यांची धावती रांग, असे ते मद्याचे चंबू आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. शेवटी ते चित्र चीनमध्ये पोहोचले. युरोपीय गिऱ्हाइकांसाठी चिनी मातीची भांडी रंगवणाऱ्या तेथील कारागिरांनी, ज्यांनी लंडनचे कॉफीगृह कधी पाहिले नव्हते, ते कागदावरून उतरवून घेतले आणि रंगवले. ते रंगवले तरी कशावर? पंचपात्रावर. ते भांडे जहाजाने लंडनला परतले, मेजावर आले, आणि त्याच्याभोवती मंडळी जमली. पळी बुडवताना यजमानाला भांड्याच्या अंगावर पळी धरलेला पाद्री दिसत असे, आणि पाद्रीसमोर तेच भांडे.

इथे थांबून विचार करावा लागतो. मद्यपानाच्या बैठकीची इतकी निर्दय चिरफाड करणारे चित्र त्या बैठकीचीच शोभा कसे झाले? ज्याच्यावर फटका मारला तो तो फटका विकत घेऊन, रंगवून, आपल्या मेजावर मांडतो, तेव्हा फटका बसला असे म्हणायचे की चुकला असे? उपहासाच्या समर्थकांनी या प्रश्नाकडे सहसा काणाडोळा केला आहे. उपहासाने दोष लाजतात आणि समाज सुधारतो, ही समजूत पंडितांना सोयीची आहे. तंबाखूच्या डब्यांचा आणि चंबूंचा पुरावा तिच्या बाजूने नाही.

चित्राखाली काही पद्यपंक्ती कोरल्या आहेत. येथे कोणा विशिष्ट व्यक्तीचे साम्य शोधू नये, आसूड दुर्गुणांवर आहे, माणसांवर नाही, असा त्यांचा आशय. वाचकांनी अर्थातच लगोलग उलट केले. पाद्री कोण, वकील कोण, जमिनीवर पडलेला कोण, याच्या याद्या झाल्या. त्या धर्मोपदेशकात काहींनी सॅम्युअल जॉन्सनचा नातलग कॉर्नेलियस फोर्ड ओळखला, तर काहींनी व्याख्यानबाज हेन्ली. ओळखण्याचा हा आनंद चित्राच्या यशाचे एक मोठे कारण असले पाहिजे. प्रत्येक पाहणाऱ्याने दहा जणांत आपले स्नेही पाहिले. अकरावा कोण, याची चौकशी करण्याचे त्याला प्रयोजन वाटले नाही.

आणि होगार्थ स्वतः? तो खिडकीबाहेर उभा राहून आत पाहणारा नीतिपंडित नव्हता. १७३२ च्या मे महिन्यात तो चार मित्रांसह टेम्स नदीच्या मुखाकडे पाच दिवसांच्या भटकंतीला गेला. तिचा जो विनोदी वृत्तान्त त्या मित्रांनी लिहून ठेवला त्यात मद्याला कमी जागा नाही. १७३५ मध्ये गोमांस आणि स्वातंत्र्य यांच्या सन्मानार्थ नाट्यगृहाच्या माडीवर जी मित्रमंडळी स्थापन झाली तिचाही तो आरंभीचा सभासद. त्याच्या बालपणीची एक आठवण या संदर्भात अधिक बोलकी आहे. त्याचे वडील लॅटिनचे शिक्षक. त्यांनी एक कॉफीगृह काढले आणि तेथे लॅटिनमध्ये संभाषण होईल असे जाहीर केले. कॉफीगृह बुडाले, वडील कर्जापायी फ्लीट तुरुंगात गेले, आणि मुलाची काही वर्षे त्या तुरुंगाच्या छायेत गेली. कॉफीगृहातले सुसंस्कृत संभाषण आणि त्याचा शेवट यांविषयी या चित्रकाराला पुस्तकांतून शिकण्यासारखे काही उरले नव्हते. चित्रातील मेज त्याला आतून माहीत होता. म्हणूनच त्यावरचा हरेक हात खरा वाटतो. ज्याने कधी पेला धरला नाही त्याला पेला कलंडतानाचे मनगट काढता येत नाही.

पण मेज आतून माहीत असण्याची एक किंमतही असते. या अकरा जणांत स्त्री एकही नाही. या माणसांना घरे आहेत, घरी कोणी जागत असेल, सकाळी कोणी दार उघडेल, हे सारे चौकटीबाहेर राहिले आहे. ज्या गोष्टीमुळे हसू थांबले असते ती गोष्ट चित्रात नाही. होगार्थला ती दिसत नव्हती असे नव्हे. 'रेक्स प्रोग्रेस' या १७३५ मध्ये छापलेल्या मालिकेतील तिसऱ्या चित्रात, ड्रुरी लेनजवळच्या रोझ मद्यगृहातील बैठकीत, स्त्रिया आहेत. पण त्या धंद्याच्या. एकीने झिंगलेल्या नायकाचे घड्याळ लांबवले आहे. भिंतीवरच्या रोमन सम्राटांच्या तसबिरी विद्रूप झाल्या आहेत, एक नीरो तेवढा सुखरूप उरला आहे, आणि एक बाई मेणबत्तीने जगाचा नकाशा जाळते आहे. पुढे १७५५ च्या निवडणुकीच्या मेजवानीत तर कालवे खाऊन कोसळलेला महापौर आणि खिडकीतून आलेल्या विटेने डोके फुटलेला प्रचारक एकाच मेजावर दिसतात. ती मेजवानी भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

होगार्थच्या हातून हसू खऱ्या अर्थाने सुटले ते १७५१ च्या फेब्रुवारीत. 'बीअर स्ट्रीट' आणि 'जिन लेन' ही जोडचित्रे त्याने प्रसिद्ध केली. त्यांतील दुसरे चित्र पाहिलेला माणूस ते विसरत नाही. सेंट जाइल्सची वस्ती, मोडकळीस आलेली घरे, दूरवर ब्लूम्सबरीच्या चर्चचा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा. जिन्यावर एक स्त्री बसली आहे. वस्त्र गळले आहे, पायांवर फोड आहेत, बोटे तपकिरीच्या डबीत आहेत, आणि तिच्या कडेवरून निसटलेले मूल कठड्यावरून खाली पडते आहे. तिला ते कळलेले नाही. तिच्या ओठांवर एक प्रकारचे स्मित आहे. हे स्मित होगार्थने कल्पनेतून आणलेले नव्हते. १७३४ मध्ये जुडिथ डेफूर नावाच्या स्त्रीने आपल्या लहान मुलीचा गळा आवळून तिचे कपडे जिनसाठी विकल्याचे न्यायालयात सिद्ध झाले होते. लंडनला ते प्रकरण आठवत होते. चित्रात गहाणवटदाराचे दुकान तेवढे भक्कम उभे आहे. सुतार आपली करवत आणि गृहिणी आपली भांडी घेऊन त्याच्या दारात आली आहे.

मात्र 'जिन लेन'च्या समोर 'बीअर स्ट्रीट' ठेवले की एक अस्वस्थ करणारी गोष्ट नजरेस येते. बीअरच्या रस्त्यावर सर्व धष्टपुष्ट, सर्व उद्योगी, सर्व राजनिष्ठ. तेथे एक गहाणवटदार आणि एक फाटक्या कपड्यांचा पाटीरंगारी, एवढे दोघेच काय ते दरिद्री. म्हणजे मद्य वाईट नाही. परकीय नावाचे, स्वस्त, गरिबाच्या हाती पडणारे मद्य तेवढे वाईट. होगार्थचा स्नेही हेन्री फील्डिंग हा कादंबरीकार तर होताच, शिवाय लंडनचा दंडाधिकारीही होता. त्याने त्याच वर्षीच्या जानेवारीत गुन्हेगारीच्या वाढीवर लिहिलेल्या पुस्तिकेत जिनला दोष दिला होता, आणि त्याच वर्षी संसदेने जिनच्या विक्रीवर नवे निर्बंध घातले. १७३६ चा आधीचा कायदा परवान्याला वर्षाला पन्नास पौंड मागणारा होता. तो कोणी पाळला नाही आणि १७४३ मध्ये तो गेला. नवा कायदा टिकला. पुढे पिके बुडाल्याने धान्य महागले, १७५७ मध्ये धान्यापासून मद्य गाळण्यावर काही काळ बंदीही आली, आणि जिनचा लोंढा ओसरला. या साऱ्यात चित्राचा वाटा किती हे मोजता येणार नाही. परंतु होगार्थने आपला हेतू जाहिरातीतच सांगितला होता: खालच्या वर्गातील दुर्गुणांच्या सुधारणेसाठी ही चित्रे आहेत, म्हणून ती स्वस्तात काढली आहेत. किंमत एक शिलिंग. ज्या बाईचे चित्र काढले तिला तेवढ्यात कित्येक प्याले जिन मिळाली असती.

ही दोन चित्रे, १७३३ चे आणि १७५१ चे, एकमेकांशेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. दोन्हींत माणसे सारखीच झिंगलेली आहेत. एकात कोसळणारा वकील किंवा सैनिक आहे, दुसऱ्यात कोसळणारे मूल. एका बैठकीला छप्पर आहे, मेज आहे, चिनी मातीचे भांडे आहे. दुसरीला उघडा जिना. पहिल्याला लोक हसले आणि त्याचे चंबू केले. दुसऱ्याला पाहून कायदा केला. 'जिन लेन'चे पंचपात्र कोणी रंगवून घेतले नाही. उपहासकाराचा हात तोच, डोळा तोच. पण वरच्यांचे व्यसन हा स्वभाव आणि खालच्यांचे व्यसन ही समस्या, हा समाजाचा हिशेब त्याच्याही लेखणीत उतरला. होगार्थवर हा आरोप म्हणून ठेवण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्याच्या चित्रांइतका स्पष्ट पुरावा त्या हिशेबाचा दुसऱ्या कोणी मागे ठेवलेला नाही.

त्याच्या नंतरच्या पिढीने हसण्याची बाजू घेतली. टॉमस रोलंडसनचे १८०१ मधील 'द ब्रिलियंट्स' हे चित्र एका मद्यपी मंडळाचे आहे. भिंतीवर मंडळाची नियमावली टांगली आहे: पहिल्या शुभचिंतनाला प्रत्येकाने काठोकाठ पेला भरावा, असे चोवीस पेले फिरल्यावर ज्याने त्याने आपल्या इच्छेप्रमाणे भरावे, आणि नियम मोडील त्याला दंड म्हणून खारट पाण्याचा पेला. रोलंडसनची रेषा मुळातच लडखडणारी, गुबगुबीत, आनंदी. तिला धिक्कार जमत नाही. याच रोलंडसनने १८१६ मध्ये 'क्यू हाय' नावाच्या दीर्घ विनोदी काव्यासाठी चित्रे काढली. 'कोई है?' अशी हाक मारून नोकर बोलावणाऱ्या कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा हेच टोपणनाव पडले होते. त्या नायकाच्या उचापतींत घारापुरी येते, मुंबईची डोंगरी येते. रोलंडसनने हिंदुस्थान कधी पाहिला नाही; पण तेथे पोहोचलेली बैठक त्याला ओळखीची होती, कारण ती त्याच्याच गावाहून निघाली होती.

मेज आणि घर यांच्यामधली भिंत पाडली ती जॉर्ज क्रुकशँकने, आणि त्याचे चरित्र या विषयावरचे एक भाष्यच आहे. वडील आयझॅक हेही व्यंगचित्रकार. १८११ मध्ये ते मद्यानेच गेले. मुलाने त्यांच्या मेजावर काम शिकले. १८२१ मधील 'लाइफ इन लंडन' या पुस्तकासाठी भाऊ रॉबर्टसह त्याने जी चित्रे काढली त्यांत पूर्व लंडनमधील 'ऑल मॅक्स' या जिनच्या अड्ड्यावरील नाच आहे. काळेगोरे, खलाशी, बाया, सारंगीवाला, सर्वांच्या अंगात एकच ताल. इतकी निर्व्याज मौज इंग्रजी चित्रांत क्वचित आढळते. १८३० नंतर मात्र त्याचा हात गंभीर होऊ लागला. एका चित्रात जिनचा रथ लंडनच्या रस्त्यातून भक्तांना चिरडत चालला आहे आणि त्याला नाव दिले आहे 'जिन जगरनाथ'. पुरीच्या रथयात्रेविषयी युरोपात पसरलेल्या भडक दंतकथेचा हा वापर. दुसऱ्यांच्या देवाला खाटीक ठरवून आपल्या व्यसनाचे वर्णन करण्याची ती सोय भारतीय वाचकाने लक्षात ठेवावी. हे काढत असताना क्रुकशँक स्वतः मनसोक्त पीत होता.

१८४७ मध्ये त्याने 'द बॉटल' ही आठ चित्रांची मालिका एका शिलिंगला विकायला काढली. पहिल्या चित्रात एक सुखी कुटुंब जेवायला बसले आहे. चूल पेटलेली, मुले खेळती, मांजर निवांत. नवरा बाटली काढतो आणि बायकोला थोडीशी घेण्याचा आग्रह करतो. पुढे तीच खोली चित्राचित्रातून रिकामी होत जाते. नोकरी जाते, सामान जप्त होते, धाकटे मूल मरते, नवरा त्याच बाटलीने बायकोचा खून करतो आणि अखेर वेड्यांच्या इस्पितळात बसतो. या मालिकेत मित्रमंडळ नाही, विनोद नाही, पंचपात्र नाही. बैठक दोघांची आहे. खप प्रचंड झाला, त्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर तिचे नाटक आले. ही चित्रे घेऊन क्रुकशँक मद्यपाननिषेधाच्या चळवळीतील विल्यम कॅश यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी चित्रे पाहून विचारले की, ज्याने हे काढले तो स्वतः मद्याशी संबंध कसा ठेवू शकतो? क्रुकशँक निरुत्तर झाला, आणि पंचावन्नाव्या वर्षी त्याने मद्य सोडले ते कायमचे. उपहासचित्राने एका माणसाला निश्चितपणे सुधारल्याचा हा एक दाखला; आणि तो माणूस चित्रकारच निघाला.

त्याचा मित्र चार्ल्स डिकन्स मात्र समाधानी नव्हता. 'द बॉटल'ची उत्तरकथा १८४८ मध्ये आली तेव्हा त्याने लिहिलेल्या परीक्षणाचा गाभा असा की, सुखी माणूस एके दिवशी कारण नसताना बाटली उघडतो हे खरे नाही. दारिद्र्य, घाण, अज्ञान आणि दुःख यांतून व्यसन येते, आणि होगार्थने 'जिन लेन'मध्ये ती कारणे भिंतीभिंतींवर दाखवली होती. समीक्षा म्हणून हे डिकन्सचे उत्तम लेखन आहे. पण क्रुकशँकच्या पहिल्या चित्रातला आग्रह, हसत हसत पुढे केलेला तो पेला, डिकन्सच्या कारणमीमांसेत पुरता बसत नाही. व्यसनाला कारणे असतात तशी सोबतही लागते; तिची गोडी डिकन्सच्या जेवणावळींना ठाऊक नव्हती असे थोडेच आहे? पुढे क्रुकशँकने 'द वर्शिप ऑफ बॅकस' हे सुमारे तेरा फूट लांबीचे चित्र रंगवले. बारसे, लग्न, अंत्ययात्रा, वाढदिवस, प्रत्येक प्रसंगी पेला हाती घेतलेली शेकडो माणसे त्यात आहेत. १८६२ मध्ये ते लोकांपुढे मांडले तेव्हा प्रेक्षक फार थोडे आले. १८६९ मध्ये ते राष्ट्रीय संग्रहाकडे गेले. चित्र थोर नाही. त्यात इतका उपदेश आहे की चेहऱ्यांना जागा उरलेली नाही.

मराठी रसिकाला या ठिकाणी 'एकच प्याला' आठवल्यावाचून राहणार नाही. क्रुकशँकचा आणि गडकऱ्यांचा काही संबंध होता असे सुचवण्याचे कारण नाही. पेच मात्र तोच आहे. १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर अल्पावधीतच, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सुधाकर गणपतराव बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. गडकऱ्यांनी होगार्थचा मेज आणि क्रुकशँकची खोली एकाच नाटकात समोरासमोर ठेवली. एका बाजूला तळीरामाचे आर्यमदिरामंडळ, रोलंडसनच्या मंडळाइतकेच नियमबद्ध, कोटिबाज, सुधारकांपासून सनातन्यांपर्यंत सर्वांची टर उडवणारे. दुसऱ्या बाजूला जात्यावर बसलेली सिंधू. एका प्रवेशातून दुसऱ्यात जाताना प्रेक्षकाला एकदम थंडी वाजावी अशी ही योजना. प्रत्यक्षात मंडळाचे प्रवेश येण्याची लोक वाट पाहत. तळीरामाची वाक्ये घरोघरी गेली, आणि ज्या बैठकींत ती हशा पिकवत त्या सगळ्याच काही चहाच्या नव्हत्या. नाटककाराने पुरवलेली कोटी पेयाबरोबर चाखली गेली. सिंधूसाठी रडलेले डोळेही त्याच माणसांचे होते. दोन्ही खरे होते, आणि एकाने दुसऱ्याला अडवले नाही. गडकऱ्यांचा विनोद थोडा कमी असता तर नाटकाचा बोध वाढला असता, असे म्हणणारे टीकाकार होऊन गेले. ते नाटक मग पाहिले कोणी असते, याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही. 'द वर्शिप ऑफ बॅकस'च्या रिकाम्या दालनाची हकिकत त्यांच्या वाचनात आली नसावी.

होगार्थला हा पेच कळला असावा, अशी शंका येण्याजोगे एक लहानसे चित्र आहे. 'रेक्स प्रोग्रेस'ची आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांना पावती म्हणून देण्यासाठी त्याने ते १७३३ मध्ये कोरले. नाव 'द लाफिंग ऑडियन्स'. नाट्यगृहाचा अंतर्भाग आहे. वरच्या सज्जात दोन उमराव नाटकाकडे पाठ फिरवून गप्पांत आणि संत्री विकणाऱ्या पोरींच्या मागे लागण्यात रंगले आहेत. खाली वादक मान खाली घालून आपले वाजवत आहेत. वादक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये लोखंडी खिळ्यांची रांग आहे, आणि तिच्यापलीकडे स्वस्त जागांवर बसलेले लोक पोट धरून हसत आहेत. दात पडलेली तोंडे, मिटलेले डोळे, एकमेकांच्या खांद्यावर पडलेली डोकी. प्रत्येकाचे हसू वेगळे. त्यांत एकच चेहरा हसत नाही. तो आंबट तोंड करून बसला आहे, आणि परंपरेने त्याला टीकाकार म्हटले आहे. रंगमंच चित्रात दाखवलेला नाही. इतके सारे कशाला हसत आहेत, ते चौकटीच्या अलीकडे, पावती हातात धरून उभ्या असलेल्या वर्गणीदाराच्या बाजूला आहे.